दुखवट्याच्या लाह्या

भागवतराव रडले नाहीत, हे नात्यात सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. धुरपदाकाकूंचं म्हणणं, नांदेडला राहून पोराचं आतडं वाळलं. पोर म्हणजे भागवतराव. निवृत्तीला टेकलेले, जिल्हा परिषदेत ज्येष्ठ लिपिक, पण काकूंच्या लेखी अजून चड्डीतलेच. त्यांच्या पत्नीचं, उज्वलाबाईंचं म्हणणं, बीपीच्या गोळीनं रडू दबतं. आणखी कुणी म्हणालं, शिकलेल्या माणसाचं हे असंच असतं. खरं कारण कुणालाच सुचलं नाही, कारण ते फारच साधं होतं. भागवतरावांना वेळ मिळाला नव्हता.

त्यांची थोरली बहीण सिंधुअक्का मुरुडला राहायची. दाजींची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, दगडोबांची पिठाची गिरणी होती. ऐन आषाढात एका सकाळी गिऱ्हाइकाचा डबा हातात धरून ती गिरणीतच बसल्या जागी गेली. भागवतराव नांदेडहून पोचले, एसटीतून उतरले आणि उतरल्या उतरल्या कुणीतरी "साहेब आले, आता बघा" असं म्हणून सरपणवाल्याचा फोन त्यांच्या कानाला लावला. तो फोन खाली ठेवला तेव्हा तेरावा उरकला होता. मधल्या काळात मांडववाला, आचारी, भटजी, राखेला कुठल्या नदीवर न्यायचं याचा वाद आणि मृत्यूचा दाखला, सगळं त्यांनी पार पाडलं. ज्याला दाखला काढता येतो त्याला आपल्याकडे कुणी रडू देत नाही. भागवतरावांनी तर दाखल्याच्या भरपूर झेरॉक्स काढून, साक्षांकित करून, एक प्रत कायम शर्टाच्या खिशात ठेवली होती. ती कशाला लागणार, हे त्यांनाही माहीत नव्हतं. पण जन्मभर फायलीत राहिलेला माणूस रिकाम्या खिशानं शोकसुद्धा करू शकत नाही.

आता एकच काम राहिलं होतं, ते म्हणजे दुखवटा काढायचं.

त्यांच्या घराण्यात याची रीत ठरलेली आहे. तेराव्यानंतर, पहिला सण यायच्या आत, गेलेल्या बाईच्या माहेरच्यांनी दुःखाच्या घरी जायचं, टोपी-टॉवेल करायचा, आणि घरच्यांना सिनेमाला न्यायचं. तिथं माहेरच्या हातानं गोड घास भरवायचा. तेवढं झालं की दुःख मोडलं. माणूस कामधंद्याला लागायला मोकळा. सिनेमा यात कधी आणि कसा शिरला, ते कुणाला सांगता येत नाही. पण विचार केला तर दुसरं काय करणार? दुःखाच्या माणसाला उंबऱ्याबाहेर तर काढलं पाहिजे. माहूरला न्यावं, तर वर्षभर देवाची पायरी चढायची नाही. लग्नकार्याला न्यावं, तर लोक नावं ठेवतात. समुद्र आपल्याकडे नाही. राहता राहिला सिनेमा. तिथं अंधार असतो, आणि कुणी कुणाकडे बघत नाही.

सुकन्याचा, म्हणजे अक्काच्या लेकीचा, रोज फोन येत होता. "मामा, बाबा काहीच खाईनात. अर्धी भाकर पाण्यासंगं गिळतेत आन् बंद गिरणीच्या पायरीवर बसून ऱ्हातेत. गिऱ्हाईक डबे घिऊन येतंय आन् माघारी जातंय. बोलनं तर बंदच हाय. मला उदगीरला सासरी जायाचंय. ह्यांना आसं टाकून म्या कशी जाऊ?"

भागवतराव म्हणत, "मी बघतो." हे दोन शब्द त्यांनी कार्यालयात आयुष्यभर हजारो लोकांना ऐकवले होते. या खेपेला ते खरोखरच बघणार होते. नागपंचमी तोंडावर आली होती. आणि पंचमी हा अक्काचा सण होता. आदल्या दिवशी ती भावाचा उपवास धरायची आणि दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या लाह्यांनी भरलेला स्टीलचा मोठा डबा मुरुडहून नांदेडच्या एसटीत कंडक्टरच्या ओळखीनं चढवायची. गेल्या वर्षीचा डबा अजून भागवतरावांच्या माळ्यावर होता. अक्काचा डबा रिकामा कसा पाठवायचा, म्हणून तो जायचा राहून गेला होता. उज्वलाबाईंनी तोच खाली काढला, घासला आणि दुखवट्याच्या पुरणपोळ्या त्यात भरायचं ठरवलं. घासताना त्या स्वयंपाकघरात बराच वेळ नळ सोडून उभ्या होत्या. भागवतरावांनी पाणी वाया जातंय म्हणून हटकलं आणि मग त्यांनाच कसंतरी झालं.

सिनेमा कोणता, हा प्रश्न शेजारच्या शंकरप्पांनी हातात घेतला. शंकरप्पा मूळचे देगलूरचे, बँकेतून निवृत्त झालेले. कुणाच्याही घरात काहीही घडलं की चप्पल न घालता धावत येणारा माणूस. चप्पल घालण्यात जो वेळ जातो तेवढ्यात सल्ल्याची गरज संपली तर काय घ्या.

"मरण नको," शंकरप्पा म्हणाले.

"नकोच."

"आजारपण नको. दवाखाना दाखवला की मरण आलंच. बहीण-भाऊ नको. बायको आसली तर ती शेवटपर्यंत टिकली पायजे. पन लई हसरा बी नको बरं का. लोक म्हनतील, बाई जाऊन राख निवली न्हाई, आन् हे खिदळून राहिलेत."

"म्हणजे मध्यम," भागवतराव म्हणाले.

"हाव, मध्यम."

मध्यम सिनेमा शोधणं फार अवघड असतं. लातूरच्या नव्या मल्टिप्लेक्सला त्या आठवड्यात एक भुताचा होता, एक युद्धाचा, एक लहान मुलांचा कार्टूनचा आणि एक लग्नाच्या गोंधळाचा. शंकरप्पांनी लग्नाचा पसंत केला, कारण लग्नात कुणी मरत नाही. तिकिटंही त्यांनीच मोबाइलवर काढली. ती काढताना त्यांनी प्रत्येकाच्या सोयीची एवढी काळजी घेतली, की पाच माणसं चार वेगवेगळ्या रांगांत गेली. काकूंना जिना नको म्हणून खाली, उज्वलाबाईंना एसीचा झोत नको म्हणून कडेला, दाजींना पाय लांब करता यावेत म्हणून वाटेवरची खुर्ची.

"अहो, पण दुखवट्याला एकत्र नको का बसायला?" भागवतरावांनी विचारलं.

"अय्यो, एकत्र बसून करायचं काय? दिवे गेले की समदे एकटेच की," शंकरप्पा म्हणाले आणि चहा प्यायला बसले. त्यांच्या तोंडून कधीकधी असं खरं निघून जायचं, पण त्यांना पत्ता नसायचा.

ठरल्या दिवशी नवरा-बायको आणि नांदेडला लेकाकडे आलेल्या धुरपदाकाकू, अशी तिघं डबा मांडीवर घेऊन मुरुडला गेली. दगडोबा गिरणीच्या पायरीवर बसले होते. नवी पांढरी टोपी भागवतरावांनी त्यांच्या डोक्यावर ठेवली, तेव्हा ती नीट आहे की तिरकी हेसुद्धा त्यांनी हातानं चाचपून पाहिलं नाही. मागं शटर अर्धं खाली होतं आणि आतल्या पट्ट्यावर पिठाची पांढरी साय तशीच होती. "चला दाजी," म्हटल्यावर ते उठले. कुठं, ते विचारलं नाही. भाड्याच्या जीपमध्ये ते खिडकीशी बसले, आणि लातूर येईपर्यंत भागवतरावांनी पाऊस, सोयाबीन, आणि रस्त्याचं निकृष्ट काम या तीन विषयांवर एकट्यानं संभाषण केलं.

मल्टिप्लेक्सच्या दारात पिशव्या तपासणाऱ्या बाईंनी डब्याचं झाकण उघडलं. वेलदोड्याचा वास सगळीकडे पसरला.

"हे काय आहे?"

"पुरणपोळ्या," भागवतराव म्हणाले.

"आउटसाइड फूड चालत नाही सर."

"आउटसाइड कशानं?" धुरपदाकाकू मागून पुढं आल्या. "घरच्या हायत. सकाळी केल्यात."

बाईंनी बोर्डाकडे बोट केलं. काकूंना वाचता येत नव्हतं, त्यामुळे बोर्डाचा त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. त्यांनी दुखवटा म्हणजे काय, गोड घास म्हणजे काय, आणि तो न भरवता घरी गेलं तर दुःख कसं उंबऱ्यात येऊन बसतं, हे मागची रांग ताटकळत ठेवून समजावून सांगितलं. मागून कुणीतरी "आजी, पिक्चर सुरू होईल" म्हणालं. बाईंनी शेवटी मॅनेजरला बोलावलं.

मॅनेजर चांगला माणूस होता. परभणीकडचा, गळ्यात पट्टा, चेहऱ्यावर अपुरी झोप. म्हणाला, "लहान बाळाचं दूध आणि औषध, एवढंच अलाउड आहे सर. माझ्या हातात काही नाही."

हे वाक्य ऐकलं आणि भागवतरावांना घरी आल्यासारखं वाटलं. इतका वेळ ते एका चकचकीत, थंडगार, परक्या जागी होते. पण 'माझ्या हातात काही नाही' हा त्यांचाच प्रांत होता. त्यांनी खिशाचं पेन काढलं.

"अर्ज कुणाच्या नावे करू?"

"अर्ज?"

"तुमच्या वरिष्ठांच्या नावे करतो. एक कागद द्या."

मॅनेजरनं भांबावून कागद दिला. भागवतरावांनी काउंटरवर ओणवं होऊन, एकही खाडाखोड न करता, सुरेख अक्षरात लिहिलं. 'विषय: दुखवटा काढणेकामी पुरणपोळी प्रेक्षागृहात नेण्यास एक वेळची विशेष बाब म्हणून परवानगी मिळणेबाबत.' खाली सविस्तर. शेवटी, 'तरी मेहेरबानांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा.' मॅनेजरनं तो दोनदा वाचला. असा अर्ज त्याच्या कारकिर्दीत आला नसावा. मग काहीतरी विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, "सर, याला काही प्रूफ?"

भागवतरावांनी खिशातून घडी काढली, उलगडली आणि काउंटरवर सपाट केली. "साक्षांकित आहे," ते म्हणाले. त्या क्षणी त्यांना, सांगायला लाज वाटते, पण थोडा अभिमानच वाटला. कागद लागला होता.

मॅनेजरनं सवयीनं नाव मोठ्यानं वाचलं. "सिंधु दगडोबा नाडे."

पलीकडे लाल सोफ्यावर सुकन्याजवळ बसलेल्या दगडोबांनी झटकन मान वर केली. कुणी कुणाला हाक मारली म्हणजे माणूस बघतो, तसं त्यांनी दाराकडे बघितलं. मग काउंटरकडे, मग कागदाकडे. मग पुन्हा मान खाली गेली. भागवतरावांनी कागदाची घडी घातली. ती पहिल्यासारखी बसेना. त्यांचा अभिमान कुठल्या कुठे गेला.

मॅनेजर म्हणाला, "सॉरी सर. खरंच सॉरी." त्यानं अर्जाचा फोटो मुंबईच्या ऑफिसला पाठवला. तिथून उत्तर आलं नाही. ते आजतागायत आलेलं नाही. डबा काउंटरमागच्या फळीवर, हेल्मेटांच्या रांगेत जाऊन बसला आणि भागवतरावांच्या हातात प्लॅस्टिकचं टोकन आलं. अक्काच्या डब्याला टोकन मिळालेलं बघून उज्वलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण लग्नाच्या गोंधळाचा सिनेमा ज्या पडद्यावर होता, त्याचा प्रोजेक्टर बंद पडला. मॅनेजर पुन्हा आला. आता तो भागवतरावांच्या वाटेला यायला जरा घाबरतच होता. "सर, त्याच तिकिटावर, त्याच नंबरवर एक नंबर स्क्रीनमध्ये बसा. कार्टूनचा आहे. थ्रीडी."

"त्यात कुणी मरतं का?"

"लहान मुलांचा आहे सर. कोण मरणार?"

म्हणून दुखवट्याची मंडळी एका वाढदिवसाच्या पार्टीत जाऊन पडली. सगळीकडे चमकदार टोप्या घातलेली पोरं, फुगे, शिट्ट्या. दारात एकेकाला काळे चष्मे मिळाले. धुरपदाकाकूंनी नऊवारीवर काळा चष्मा चढवला आणि "मोतीबिंदूच्या टायमाला आसाच दिला व्हता," म्हणाल्या. दगडोबांना सुकन्यानं चष्मा लावून दिला. नवी टोपी, काळा चष्मा आणि न हलणारा चेहरा. एक पोरगी त्यांच्याकडे बघून रडायलाच लागली.

"घासाचं काय करतूस?" काकूंनी भागवतरावांचा दंड धरला. "घास भरीवल्याबिगर मी हितनं उठायची न्हाई."

भागवतरावांनी हताश होऊन इकडे तिकडे बघितलं. सगळीकडे बादल्याच्या बादल्या पॉपकॉर्न चालले होते.

काकूंनीही बघितलं. "ह्या लाह्याच की," त्या म्हणाल्या. "मक्याच्या. चालत्यात. पन गोड पायजेत बरं. खारट घास दुखवट्याला चालत न्हाई."

भागवतराव पॉपकॉर्नच्या रांगेत उभे राहिले. ही रांग आयुष्यात त्यांनी नेहमी टाळली होती. माणसं तिकीट काढून सिनेमा बघायला येतात आणि गुरासारखं खात का बसतात, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. म्हणजे एकदा विचारलं होतं. अर्धापूरजवळच्या त्यांच्या गावी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. लहानगा भागवत फार रडका होता. पडद्यावरची आई खोकली की हा इकडे मुसमुसायला लागायचा, आणि भोवतालची पोरं हसायची. मग अक्कानं एक युक्ती काढली. ती परकराच्या ओच्यात ज्वारीच्या लाह्या घेऊन बसायची, आणि पडद्यावर कुणाचं काही बरंवाईट व्हायला लागलं की आधीच मूठभर लाह्या त्याच्या तोंडात कोंबायची. एकदा त्यानं गुदमरून विचारलं होतं, "अक्का, शिनेमात लाह्या कामून खायच्या?" ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली होती, "तोंड भरल्यालं आसलं की रडू येत न्हाई. खा गप."

भागवतला ते पटलं होतं. पटलं कसलं, त्याचा अनुभवच होता. त्यानंतर तो सिनेमात कधी रडला नाही. आणि पुढे, तोंड लाह्यांनी नाही तर कामाच्या बोलण्यानं भरलेलं ठेवलं की तोच गुण येतो, हे त्याला नोकरीत कळलं.

"सर, चीज, पेरी-पेरी, क्लासिक?" काउंटरवरची मुलगी विचारत होती.

"गोड."

"कॅरॅमलचं मशीन बंद आहे सर."

त्या इमारतीत त्या दिवशी जे जे म्हणून भागवतरावांना हवं होतं, ते ते बंद होतं. त्यांनी साधे घेतले आणि वर टाकायला साखर मागितली. साखरेच्या पुड्या फक्त कॉफीबरोबर मिळत होत्या. त्यांनी कॉफी घेतली. एका कॉफीवरची साखर बादलीभर पॉपकॉर्नला कुठली पुरणार? आणखी घेतली. शेवटी कॉफीचे भरलेले कप काउंटरवर ओळीनं सोडून, ते एका कोपऱ्यात बादलीवर पुड्या फोडून ओतत उभे राहिले, तेव्हा आत दिवे गेले होते. जाणारे-येणारे या गंभीर, काळा चष्मा कपाळावर चढवलेल्या गृहस्थांकडे बघून बाजूनं जात होते.

भागवतराव अंधारात शिरले. चष्मा डोळ्यांवर घेतला, त्यामुळे होतं तेही दिसेनासं झालं. पडद्यावरचं एक फुलपाखरू त्यांच्या अंगावर आलं, त्यांनी ते हातानं हाकललं. वाटेवरच्या खुर्चीत टोपी दिसली. ते त्या खुर्चीशी खाली बसले, एक घास चिमटीत घेतला, आणि जीपमध्ये सोयाबीनवर बोलत असताना मनातल्या मनात घोकलेलं वाक्य त्यांनी अगदी आतड्यापासून म्हटलं.

"दाजी, झालं ते आपल्या हातात नव्हतं. लई सोसलं तुम्ही. आता हा घास घ्या आन् दुःख सोडा."

समोरच्या माणसानं तोंड उघडलं. घास आत गेला. तो नीट चावून गिळला गेला. भागवतरावांच्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं.

"थँक्यू," तो माणूस म्हणाला. "पण मी तुमचा दाजी नाही. माझ्या मुलीचा वाढदिवस आहे."

त्याच्या डोक्यावर चांदीच्या कागदाची निमुळती टोपी होती. मागून कुणीतरी टॉर्च मारला. "खाली बसा ना काका!" दोन-तीन आवाज आले. भागवतराव, ज्यांच्या सहीशिवाय तालुक्याची बिलं हलत नसत, ते बादली पोटाशी धरून, कमरेत वाकून, माफी मागत मागत पुढं सरकले.

दगडोबा पुढच्याच रांगेत होते. शेजारची खुर्ची कुणाची होती कुणास ठाऊक, पण रिकामी होती. भागवतराव तिच्यात कोसळले. आता पुन्हा ते वाक्य म्हणायचं कसं? ते तर त्या वाढदिवसवाल्यावर खर्च झालं होतं. दुसरं तयार नव्हतं. त्यांनी नुसतीच बादली दाजींच्या पुढं केली. दाजींनी बादलीकडे बघितलं नाही. हात गुडघ्यांवर होते, तिथंच राहिले. भागवतरावांनी बादली तशीच धरून ठेवली. हात दुखायला लागला, तेव्हा ती हळूच मांडीवर घेतली. हेही जमलं नाही, त्यांना वाटलं. सुकन्याला काय सांगणार? उद्या तिनं बापाला पायरीवर तसंच सोडून उदगीरच्या गाडीत बसायचं?

पडद्यावर अस्वलाचं एक पिल्लू आणि त्याची आई नदी ओलांडत होती. पोरं खिदळत होती. मग लोंढा आला. आईनं पिल्लाला दगडावर ढकललं, आणि ती स्वतः गेली. वाहून गेली आणि परत दिसली नाही. थ्रीडीमुळे ते पाणी भागवतरावांच्या अगदी पायाशी येऊन थांबलं. कोण मरणार, असं तो मॅनेजर म्हणाला होता.

सगळी पोरं एकदम गप्प झाली. त्या शांततेत एका बारक्या आवाजानं विचारलं, "पप्पा, ती परत येणार ना?"

भागवतरावांचा हात आपोआप बादलीत गेला होता. तिथं तो नुसताच राहिला. त्यांना अक्काच्या हातातला तो गिऱ्हाइकाचा डबा आठवला. तो डबा कुणाचा होता, ते त्यांनी विचारलं नव्हतं. सगळं विचारलं होतं, तेवढं राहिलं होतं.

शेजारी हालचाल झाली. दगडोबांनी चष्मा काढला होता आणि ते भागवतरावांकडे बघत होते. मग त्यांचा जन्मभराच्या पिठानं पांढुरका झालेला, रुंद हात बादलीत आला, मूठ भरली आणि भागवतरावांच्या तोंडापाशी येऊन थांबली.

"आ करा," ते म्हणाले. आवाज बरेच दिवस न वापरल्यामुळे खरखरीत झाला होता.

"दाजी, मी नाही, तुम्ही... माहेरच्यानं भरवायचं असतं."

"म्हाईत हाय मला. समद्यांनी माझं दुःख मोडायचा घोर घेतला. तुमचं कोन मोडायचं? तुमची बी भनच व्हती की."

भागवतरावांनी तोंड उघडलं. मूठ आत रिती झाली, जास्तच झाली, गालफडं भरली. साखर चरचरत होती. त्यांनी चावायचा प्रयत्न केला. तोंड गच्च भरलं होतं. तरी घशाच्या मागून काहीतरी वर आलं, ते लाह्यांना जुमानेना, दोन्ही बाजूंनी वाट काढून बाहेर पडलं. आयुष्यभर ज्याच्यावर भिस्त ठेवली, ते अक्कानं त्यांना खोटंच सांगितलं होतं. भागवतराव तोंडात घास घेऊन रडले. मोठ्यानं, खोकत, काळ्या चष्म्याच्या आतून रडले. कामं सगळी संपली होती, म्हणून रडले.

दगडोबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या हातानं बादलीतलं एक पॉपकॉर्न उचलून आपल्या तोंडात टाकलं, सावकाश चावलं. "वातड हायत," ते म्हणाले. "तिनं पाह्यल्या आसत्या तर..." त्यांनी पुढचं सोडून दिलं आणि दुसरं उचललं. मग तिसरं. पलीकडच्या रांगेतून सुकन्या उठून उभी राहून बघत होती, आणि मागून तिला कुणी खाली बस म्हणालं नाही.

मागच्या रांगेतली चांदीच्या टोपीची पोरगी खुर्चीवर गुडघे टेकून भागवतरावांकडे टकमक बघत होती. "पप्पा, ते आजोबा रडतायत," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

तिच्या बापानं एकदा वाकून बघितलं. ओळख पटली असावी. त्यानं तिला हळूच वळवून बसवलं आणि आपली बादली तिच्या मांडीवर ठेवली.

"असू दे बेटा," तो म्हणाला. "तू पॉपकॉर्न खा."